विहिरीची शपथ

फार पूर्वी, दोन डोंगरांमधल्या एका गावात एक कुंभारीण आपल्या लहान मुलीसोबत राहत होती. त्या गावाचा एक नियम होता. साक्ष देणाऱ्याने आधी गावविहिरीचे ओंजळभर पाणी प्यायचे, मगच बोलायचे. पाणी पिऊन कोणी खोटे बोलत नाही, अशी लोकांची श्रद्धा होती.

एका पहाटे गावातला एक धनिक विहिरीत पुरचुंडी रिकामी करताना कुंभारणीला दिसला. विहिरीला काही वाहत असेल, असे समजून ती पुढे गेली. दुपारपर्यंत गावात सात माणसे दगावली. सातवी तिची मुलगी होती.

धनिकाच्या वाड्यात स्वतःची विहीर होती. दुसऱ्या दिवसापासून तिचे पाणी विकत मिळू लागले.

कुंभारीण पारावर पंचांपुढे उभी राहिली. "मी याला विहिरीत पुरचुंडी रिकामी करताना डोळ्यांनी पाहिलंय."

"आधी पाणी पी, बाई," मुख्य पंच म्हणाले.

तांब्या आणला गेला. त्याच विहिरीचा.

"पंच, यात विष आहे. नदीचं पाणी आणा, त्याची शपथ घेते."

"नियमात गावविहीर म्हटलंय. नदी नाही."

धनिक हसला. "पी की गं. खरं बोलणाऱ्याला कसली भीती?"

तिने तांब्या ओठांशी नेला. कोणीतरी हात धरेल, असे तिला वाटले होते. कोणीच धरला नाही. मुख्य पंच मान पुढे काढून पाहत होते, ती नीट पिते की नाही.

तांब्या तिने खाली ठेवला.

"माझ्या मुलीनं हेच पाणी प्यायलं होतं," ती हळूच म्हणाली. "तिची साक्ष धरा."

पंचांनी आपसात विचार केला. बराच वेळ केला.

"मेलेल्याची साक्ष नियमात बसत नाही," ते म्हणाले. "साक्षीदार नाही, म्हणून गुन्हा नाही."

त्यानंतर कोणीही तक्रार घेऊन पारावर आले नाही. चोऱ्या झाल्या, मारहाणी झाल्या. लोक दारे लावून गप्प बसले. पंच रोज येऊन बसत आणि समाधानाने म्हणत, "आपल्या गावात आता गुन्हेच होत नाहीत."

त्यांना तहान लागली, की धनिकाचा गडी घागर घेऊन येई.

तात्पर्य एवढेच: जो नियम खरे बोलणाऱ्याचाच जीव मागतो, तो गुन्हेगाराच्या कामाचा असतो, आणि तो तसाच पाळत बसणारेही त्याचेच साथीदार होतात.