हत्तीवरची अंघोळ

"काय? वाड्याचं पाणी कमी करायचं?" चंडप्रताप महाराज गरजले.

समोर तुळाजी पखाली हात जोडून उभा होता. रेड्यावर कातडी पखाल लादून तो रोज वाड्यात पाणी पोचवायचा. दोन वर्षं पावसानं दडी मारलेली. गावात एकच विहीर जिवंत होती आणि तिच्यातल्या साठ पखाली रोज एकट्या वाड्यात रिकाम्या व्हायच्या!

"महाराज, गावाच्या वाट्याला नुसता चिखल येतोय," तुळाजी चाचरत म्हणाला.

"मग वाड्यानं किती पाण्यात भागवायचं?"

तुळाजी बोटांवर पखाली मोजू लागला. पण त्याच्याबरोबर आलेली त्याची लेक सगुणा पटकन म्हणाली, "एका घागरीत!"

सगळा दरबार खो-खो हसला. महाराजांच्या मिशा मात्र थरथरल्या.

"एक घागर? मग करून दाखव! माझी अंघोळ, माझे कपडे, गुलाबराव हत्तीची अंघोळ आणि बागेतला मोगरा. सगळं एका घागरीत! जमलं तर विहीर गावाची. नाही जमलं तर रेडा जप्त आणि तुम्ही दोघं राज्याबाहेर!"

"कबूल! पण अंघोळीची जागा मी ठरवणार."

"ठरव! मला काय!"

बाहेर येताच तुळाजीनं कपाळाला हात लावला. "पोरी, बुडवलंस गं आपल्याला!"

"पाणीच नाही, तर बुडणार कशात, आबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या फरसबंदीवर गुलाबराव डुलत उभा होता. फरशीपासून मोगऱ्याच्या मुळांपर्यंत सगुणानं एक छोटा पाट खणून ठेवला होता. शेजारी शिडी, झारी आणि एक घागर.

"कुठे बसू?" कालच्याच मळक्या अंगरख्यात आलेल्या महाराजांनी विचारलं.

"हत्तीवर!"

महाराज चपापले. पण शब्द दिला होता. चढले बिचारे!

सगुणानं शिडीवरून झारी धरली. महाराजांच्या डोक्यावर धार पडली. तिथून मिशांवर, मिशांवरून अंगरख्यावर! महाराज स्वतःला चोळत होते, त्यात अंगरखाही चोळला जात होता. निथळलेलं पाणी हत्तीच्या पाठीवर आलं. तिथे माहूत काथ्या घेऊन तयारच होता. गुलाबरावाला गुदगुल्या झाल्या, तो डोलू लागला आणि महाराज त्याचे कान धरून ओरडले, "अरे, हळू! हळू!" कुंपणावर बसलेल्या गावकऱ्यांची हसून पुरेवाट झाली. हत्तीच्या पोटावरून ओघळलेलं पाणी पाटातून सुळकन मोगऱ्यापाशी पोचलं.

"हत्तीला उष्टं पाणी?" प्रधानजी किंचाळले. "केवढा हा अपमान!"

"महाराजांच्या अंगावरून आलेलं पाणी तुम्हाला उष्टं वाटतं?" सगुणानं विचारलं.

प्रधानजींनी जीभ चावली.

"थांब!" वरून महाराज म्हणाले. "मी चार कामं सांगितली होती. तू तर एकच केलंस!"

"एकच केलं, महाराज, पण कोरडं कोण राहिलं ते सांगा. लगेच भिजवते! घागरीत अजून तांब्याभर शिल्लक आहे!"

महाराजांनी खाली पाहिलं. हत्ती ओला, मोगरा ओला, अंगरखा ओला, स्वतःही चिंब! ते असे काही हसले की हत्तीवरून घसरता घसरता राहिले.

"विहीर गावाची!" त्यांनी जाहीर केलं आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाकडे फेकलं. "आजपासून वाड्याच्या पाण्याची कारभारीण तू! आणि उद्यापासून प्रधानजीही माझ्यामागे इथेच अंघोळीला बसतील. पुरेल ना गं एक घागर?"

"पुरेल की, महाराज! राणीसाहेबांनाही विचारून बघा, अजून एकाची जागा आहे!"