सुतळी बांधलेला माग

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. म्हणून त्या दिवशी मठात मी तोंड मिटून बसले होते. विचारत होता विरूपाक्ष, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

"दोष कुणाचा, आबा? तेवढं नाव सांगा."

आबा मागापाशी होते. मठाच्या मागं पत्र्याच्या शेडात एक जुना यंत्रमाग आहे. त्याच्या कापडावर मठाची चहा-भाकरी चालते. आबा पूर्वी जॉबर होते, गावातले माग दुरुस्त करायचे. मग मठात येऊन बसले आणि लोक पाया पडायला लागले. त्यांचं नाव सातलिंग. पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

"कशाचा दोष?" आबा म्हणाले.

"लीलाच्या दुखण्याचा."

लीला बाहेर पायरीवर बसली होती. डोक्याला रुमाल, केस औषधानं गेलेले. शेजारी तिच्या कपड्यांची पिशवी. ती पिशवी विरूपाक्षानं सकाळी स्वतःच्या हातानं भरली होती. बायकोला माहेरी सोडायचं ठरवलं होतं त्यानं. पोरं मात्र त्याच्याकडे राहणार होती. माहेर म्हणजे आता मी आणि माझी एक खोली. मला तिचं ओझं नव्हतं. पण पोरांपासून तोडलेली बाई औषधानं तरी कशी उभी राहणार?

विरूपाक्षाचं म्हणणं सरळ होतं. खोट तिच्या माहेरच्या रक्तात आहे. डॉक्टरीणबाईच तसं बोलल्या.

बोलल्या होत्या. मी तिथंच होते. त्यानं अर्धं ऐकलं.

मिरजेच्या त्या बाईंनी सावकाश समजावलं होतं. शरीरात जुन्या पेशीवरून नवी पेशी उतरते. उतरताना आतला मजकूर कुठंतरी चुकतो. सगळ्यांचाच चुकतो, रोज चुकतो. ती चूक दुरुस्त करणारे आतच असतात, आणि दुरुस्ती जमली नाही तर काम थांबवणारेही असतात. दुरुस्तीचा मजकूर पेशीत दोनदा लिहिलेला असतो, एकदा आईकडचा, एकदा बापाकडचा. लीलाचा त्यातला एक जन्मापासून खराब होता. कुणाकडचा, ते बाईंनाही सांगता येईना. दुसरा पुढं कधीतरी बिघडला. मग थांबवणाराही गेला. तिथून पुढं चुकीवर चूक. आता गाठीतली एक पेशी दुसरीसारखी नाही, म्हणून एका औषधानं सगळ्या मरत नाहीत. लवकर आला असता तर एवढे प्रकार झाले नसते, असं बाई शेवटी म्हणाल्या.

हे शेवटचं विरूपाक्षानं कानाआड केलं.

लवकर... मी काय वेगळं सांगितलं होतं? गाठ हाताला लागली तेव्हाच म्हणाले होते, आधी दवाखाना. इथंच म्हणाले, सगळ्या बायकांसमोर. आबांनी लीलाच्या कपाळाला विभूती लावली आणि सांगितलं, जत्रा होऊ दे, मग बघू. बायका मला हसल्या. चौथी शिकलीस आणि आबांना शिकवतेस होय, म्हणाल्या. जत्रा झाली. मग विरूपाक्षाच्या मागांवर दिवाळीच्या कापडाची घाई आली. मग आणखी काहीतरी.

"नाव सांगा," विरूपाक्ष पुन्हा म्हणाला. "तिच्या आईचं घ्या, बापाचं घ्या, नाहीतर या आक्काचं घ्या. ज्याचं नाव घ्याल त्याच्या दारात तिची पिशवी नेऊन ठेवतो."

"शब्द?"

"तुमच्या पायाशप्पथ."

आबांनी माग सुरू केला. शेड खडखडायला लागलं. मग त्यांनी दोन बोटांत ताण्याची एक उभी तार धरली आणि तोडली.

माग थांबला.

ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. या मागाच्या प्रत्येक उभ्या तारेवर एक पातळ लोखंडी पत्री लटकत असते. तार तुटली की पत्री खाली दांड्यावर पडते आणि माग आपोआप बंद होतो. मग विणकरानं तार सांधायची आणि पुन्हा सुरू करायचा.

आबांनी तार सांधली नाही.

"तुझे माग असेच थांबतात का रे?"

"माझे न्हाई थांबत," विरूपाक्ष म्हणाला. जरा तोऱ्यातच. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं सगळ्या मागांचे दांडे सुतळीनं आवळून ठेवले होते. पत्री पडली तरी माग आपला चालूच.

आबांनी कोनाड्यातली सुतळी त्याच्या हातात दिली.

"बांध."

त्यानं सराईतपणे बांधली. आबांनी माग सुरू केला.

तुटलेल्या तारेचं टोक मोकळं फडफडत होतं. ते शेजारच्या तारेत गुंतलं. ती तुटली. पत्री पडली. माग चालू. मग तिच्या पलीकडची... आधी कापडात नुसती रेघ दिसत होती. मग भोक पडलं. मग जाळं झालं, आणि त्या जाळ्याचा एक तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता.

विरूपाक्षाचा हात बटणाकडे गेला. आबांनी मनगट धरलं.

"आबा, कापड वाया चाललंय."

"जत्रा होऊ दे," आबा म्हणाले. "मग बघू."

विरूपाक्षाचा चेहरा उतरला. आबा माझ्याकडे वळले.

"तू काही बोलत नाहीस?"

"एकदा बोलले तेवढं पुरे झालं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग स्वतःच माग बंद केला. एवढा वेळ कानात बसलेला आवाज गेला आणि बाहेरून लीलाचा खोकला ऐकू आला.

"पहिली तार कुणी तोडली?" आबांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी तोडली नसती तर?"

"तुटतातच की, आबा. सूत आहे ते. त्यात कुणाचा दोष..."

विरूपाक्ष बोलता बोलता अडखळला. 

"आणि हे जाळं?"

तो नखानं मागाच्या पट्टीवरचा मळ खरवडत राहिला.

"हे सुतळीनं झालं," तो म्हणाला.

"दांडा बांधायला तुला कुणी शिकवलं?"

त्यावर त्यानं बरंच काही सांगितलं. वीज कशी जाते, कामगार कसे टिकत नाहीत, व्यापारी कापडाच्या मीटरमागं कसा अडवतो. आबा ऐकत राहिले. सगळं सांगून झालं तरी ऐकतच राहिले.

"...तुम्हीच शिकवलं," शेवटी तो म्हणाला. "मी नवीन होतो. तुम्ही म्हणाला होता, थांबणारा माग आणि रडणारं पोर धन्याला आवडत नाही."

आबांनी सुतळीची गाठ सोडायला घेतली. घट्ट बसली होती. दातांनी सोडवली. मग ते बाहेर पायरीवर गेले.

लीला त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी वाकू दिलं नाही. पिशवी उचलली. म्हाताऱ्याला ती जड जात होती, एका अंगाला कलत चालले.

विरूपाक्ष मागून धावला.

"आबा, द्या इकडं. मी नेतो तिला घरी... नेतो म्हणतोय ना."

आबांनी पिशवी सोडली नाही. उंबऱ्याच्या आत नेली आणि स्वतःच्या आसनावर ठेवली, लोक नारळ ठेवतात त्या जागी.

विरूपाक्ष दाराबाहेरच उभा राहिला. आत यायचं त्याला सुधरेना.

"नाव राहू द्या, आबा. मी विचारलंच नाही असं समजा."

"विचारलंस की."

"आबा..."

आबांनी लीलाला हाताला धरून आत घेतलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"सातलिंग."