आठवी चिठ्ठी

नदीकाठच्या एका गावात लोखंड ओतण्याचे कारखाने पुष्कळ होते, आणि त्या साऱ्यांत नाव निघायचं ते केरबा मिस्त्रींचं. नवा माणूस आला की मिस्त्री त्याच्यापुढे साच्याची वाळू ठेवत. वाळू मुठीत दाबायची, मग गोळा मोडायचा. बोटांचे ठसे नीट उमटले आणि गोळ्याचे स्वच्छ दोन तुकडे झाले, तर ओल बरोबर. ज्याच्या हाताला ही ओल कळे, त्यालाच मिस्त्री आपल्या कारखान्याच्या इंगवले मालकांच्या नावे चिठ्ठी देत. तीस वर्षांत अशा चिठ्ठ्या त्यांनी सातच लिहिल्या. काय दिवस होते ते! 'माणूस कामाचा आहे', एवढी एक ओळ असे, आणि मालक दुसरा प्रश्न विचारत नसत.

मिस्त्री निवृत्त झाले आणि त्यांना घर खायला उठलं. तेव्हा सुनेनं त्यांना मोबाइलवर, कामधंद्यातली माणसं जोडणाऱ्या एका साइटवर खातं काढून दिलं. जुने सोबती भेटले. मिस्त्री हरखले. मग अनोळखी लोकांचे निरोप येऊ लागले, 'मिस्त्री, माझ्या कामाची शिफारस करा.' नुसतं एक बटण दाबायचं होतं. पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवावा, तसे मिस्त्री बटण दाबत गेले.

"मामंजी, या सगळ्यांना तुम्ही ओळखता?" सुनेनं विचारलं.

"अगं, मागणाऱ्याला न्हाई कसं म्हणायचं? आपलं काय जातंय?"

वर्षभरात शिफारशी चारशेवर गेल्या.

पुढे रेवतीला काम हवं झालं. रेवती ही मिस्त्रींच्या दिवंगत सोबत्याची, सदूची मुलगी. सदूच्या माघारी मिस्त्रींनीच तिला परसात साचे भरायला शिकवलं होतं. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. इंगवल्यांकडे जागा निघाली, तेव्हा मिस्त्रींनी साइटवर तिची शिफारस केली. उत्तरच आलं नाही. शेवटी त्यांनी कोरा कागद काढून आठवी चिठ्ठी लिहिली आणि रेवतीला घेऊन कारखाना गाठला.

मालकांनी चिठ्ठी घेतली, पण उघडली नाही.

"मिस्त्री, गेल्या महिन्यात एक माणूस घेतला. तुमची शिफारस बघून. त्यानं ओल्या साच्यात लोखंडाचा तापलेला रस ओतला. वाफेनं साचा फुटला, तिघांचे पाय भाजले."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. "कोण हो तो?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

मिस्त्रींची मान खाली गेली. मालकांनी खण उघडला. आत दोऱ्यानं बांधलेल्या, पिवळ्या पडलेल्या सात चिठ्ठ्या होत्या.

"या मी जपून ठेवल्यात. पण आता तुमच्या शब्दावर माणूस घ्यायची भीती वाटते."

आपल्या हौसेपायी सदूच्या लेकीचा घास जाणार, हे मिस्त्रींना कळून चुकलं.

"मालक, माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते कसेबसे म्हणाले. "पोरीपुढं वाळू ठेवा."

रेवतीनं वाळू मुठीत दाबली. "काका, ओल जास्त हाय," असं मिस्त्रींना म्हणून तिनं कोरडी वाळू मिसळली, पुन्हा दाबली आणि गोळा मोडला. त्याचे स्वच्छ दोन तुकडे झाले.

"उद्यापासून ये," मालक म्हणाले.

रेवतीला काम मिळालं म्हणून मिस्त्रींना फार आनंद झाला. निघताना मालकांनी आठवी चिठ्ठी त्यांच्या हातात परत दिली. ती तशीच मिटलेली होती.

तात्पर्य: पारख न करता ज्याला त्याला शब्द देत सुटलं, की खऱ्या माणसासाठी द्यायला आपल्यापाशी शब्दच उरत नाही.