पायाखालची थरथर

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात द्वारका नावाची एक बाई जीप चालवत असे. रोज सकाळी गावातली माणसं घेऊन ती घाट उतरायची आणि संध्याकाळी त्यांना परत वर आणायची. घाटाला बावीस वळणं होती. अकरा वर्षांत तिच्या हातून रस्त्यावरच्या कोंबडीलासुद्धा धक्का लागला नव्हता.

जीप मात्र तिची नव्हती. ती बाजीरावांची होती. बाजीराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण 'थांबा' हा शब्द ते फक्त दुसऱ्यांना सांगत. स्वतः ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

एके दिवशी तालुक्याच्या गावी मोठी बैठक होती. तिथे बाजीरावांची वरच्या पदावर निवड व्हायची होती. कडक इस्त्रीचे कपडे घालून ते द्वारकाशेजारी पुढच्या सीटवर बसले. मागे सातआठ माणसं होती. त्यांत कोंडाबाई आणि तिची सून होती. सून नऊ महिन्यांची गरोदर होती आणि तिला डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं होतं. शिवराम होता. त्याने वीस वर्षं ट्रक चालवला होता आणि आता तो घरी बसून होता.

घाट लागण्याआधी तीन कोस सपाट पठार आहे. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना गवत. द्वारकाने जीप जरा वेगात घेतली आणि अचानक गाडी थरथरू लागली.

खड्डा नव्हता. रस्ता तर नुकताच झालेला. द्वारकाने वेग कमी केला, थरथर कमी झाली. वेग वाढवला, तशी ती पुन्हा आली. पायाच्या तळव्यांतून गुडघ्यापर्यंत चढली. द्वारकाने जीप कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" बाजीरावांनी विचारलं.

"गाडीत काहीतरी बिघडलंय, चेअरमनसाहेब. बघते."

ती उतरली. चारी चाकं पाहिली. टायर कुठे फुगला नव्हता, कुठे फाटला नव्हता. पाना लावून एकेक नट ओढून पाहिला. सगळे घट्ट होते. बॉनेट उघडलं. इंजिन जागच्या जागी होतं. तिने पुन्हा एक फेरी मारली. काहीच सापडलं नाही.

"मिळालं काही?"

"अजून नाही."

"मग काही नाहीच. बस आणि चल."

द्वारका बसली नाही. समोर पठार संपत होतं. त्यापुढे रस्ता एकदम खाली वळत होता, आणि वळणापलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं.

"चेअरमनसाहेब, मी ही गाडी घाटात उतरवणार नाही."

मागे कुजबूज सुरू झाली. बाजीराव खाली उतरले. त्यांचा आवाज चढला.

"बिघाड काय आहे ते दाखव. नाहीतर गाडी चालव. दोन्हीपैकी एक कर."

"बिघाड मला सापडला नाही. पण गाडी थरथरली हे खरं आहे. मला सापडला नाही म्हणून तो गेला असं होत नाही."

"अकरा वर्षं मी तुला गाडी दिली ती हे ऐकायला? शिवराम, उतर खाली. तू घे गाडी."

शिवराम पुढे आला. त्याला बऱ्याच दिवसांनी कुणी गाडी घे म्हणालं होतं. तो छाती काढून म्हणाला, "टायरात हवा जास्त झाली असेल. असली थरथर आम्ही ट्रकात रोज बघायचो. दे चावी, द्वारके."

द्वारकाने चावी मुठीत घट्ट धरली आणि मूठ पाठीमागे नेली.

"शिवराममामा, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त गाडी चालवलीत. पण आज ती थरथर माझ्या पायाखाली झाली, तुमच्या नाही. चावी मिळणार नाही."

"गाडी कुणाची आहे?" बाजीराव ओरडले.

"गाडी तुमची आहे. आत बसलेली माणसं तुमची नाहीत."

असं बाजीरावांना कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. उद्या काम जाणार हे द्वारकाला दिसत होतं. आणि तिला जास्त टोचत होतं ते वेगळंच. जीपमध्ये कोंडाबाईची सून पोटावर हात ठेवून, डोळे मिटून बसली होती. तिला उशीर झाला आणि काही कमीजास्त झालं तर? तो दोष कुणाचा? द्वारका जीपजवळ गेली.

"आत्या, सुनेला त्रास होतोय का?"

"कळा नाहीत अजून. पण अंग दुखतंय तिचं." कोंडाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरी, मला गाडीतलं काही कळत नाही. तू एकच सांग. तुझी लेक आत असती तर उतरली असतीस घाट?"

"नाही."

"मग माझी सूनही उतरणार नाही." कोंडाबाई सुनेचा हात धरून खाली उतरली आणि बाभळीच्या सावलीत बसली. तिच्यामागोमाग बाकीचेही उतरले.

आता जीप रिकामी झाली. द्वारकाला वाटलं, नुसतं हट्टाने उभं राहून चालणार नाही. थरथर कुठून येते ते शोधलंच पाहिजे. जीव धोक्यात घालायचा तर एकटीचा. ती जीपमध्ये चढली. तिने जीप वळवली आणि घाटाकडे पाठ करून पठारावर परत नेली.

वेग वाढताच थरथर आली. द्वारकाने आधी हातांकडे लक्ष दिलं. स्टिअरिंग शांत होतं. म्हणजे पुढच्या चाकांत काही नव्हतं. तिने हळूच ब्रेक दाबला. ब्रेक दाबला म्हणून थरथर वाढली नाही. म्हणजे दोष ब्रेकमध्येही नव्हता. मग तिने गाडी न्यूट्रल केली. इंजिनाचा आवाज खाली आला, गाडी आपल्या वेगाने पळत राहिली. थरथरही तशीच राहिली. म्हणजे दोष इंजिनातही नव्हता. जे थरथरत होतं ते गाडीच्या पोटात होतं, तिच्या पायांखालच्या पत्र्याच्या बरोबर खाली. आणि ते गाडी पळेल तसं फिरत होतं.

पोटाखाली फिरणारी वस्तू एकच होती.

द्वारकाने जीप माणसांजवळ आणून उभी केली. चाकांना दगड लावले. पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत रस्त्यावर उताणी पडून ती जीपखाली सरकली.

जीपच्या खाली एक लांब लोखंडी दांडा असतो. इंजिनाची ताकद तो मागच्या चाकांपर्यंत नेतो. त्याला शाफ्ट म्हणतात. पुढच्या टोकाला तो चार बोल्टांनी आवळलेला असतो. द्वारकाने तो दांडा दोन्ही हातांनी धरून हलवला. तो खडखडला. तिने चाचपून पाहिलं. चारांपैकी दोन बोल्ट जागेवर नव्हते. तिसरा तिने नुसत्या बोटांनी फिरवला, तसा तो निघून तिच्या हातात आला.

"शिवराममामा," ती खालूनच म्हणाली, "जरा इकडे या. हात लावून बघा."

शिवराम वाकला आणि आत सरकला. मग बाहेर येऊन त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"एका बोल्टावर आहे," तो बाजीरावांना म्हणाला. "उतारावर हा दांडा सुटला असता तर गाडीला रोखून धरणारा गिअरचा आधार गेला असता. टोक रस्त्यात रुतलं असतं तर गाडी उचलून दरीत फेकली गेली असती. आणि मी चावी मागत होतो."

बाजीराव वाकून त्या रिकाम्या भोकांकडे पाहत राहिले. आठच दिवसांपूर्वी जीप दुरुस्तीला गेली होती. तेव्हा हाच दांडा खोलून पुन्हा बसवला होता. मिस्त्री म्हणाला होता, "तासभर द्या, बोल्ट एकदा तपासतो." त्यावर बाजीराव म्हणाले होते, "आटप, मला घाई आहे." हे त्यांना आठवलं, पण ते कुणाला बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "हे आधी सांगायचं ना."

"आधीच सांगितलं होतं," द्वारका म्हणाली. "तुम्हाला ऐकायचं नव्हतं."

इतक्यात मागून एसटी आली. गच्च भरलेली. ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. द्वारका रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडी थांबली तसं तिने कोंडाबाईच्या सुनेला आधी चढवलं, तिला जागा मिळाली का ते खिडकीतून पाहिलं, मग बाकीच्यांना चढू दिलं. बाजीराव सगळ्यात शेवटी चढले आणि बावीस वळणं एसटीच्या दारातल्या दांड्याला लटकत उतरले. तालुक्याला पोचले तेव्हा बैठक संपली होती. पद दुसऱ्याला गेलं होतं. कोंडाबाईची सून मात्र वेळेत पोचली आणि तिसऱ्या दिवशी सुखरूप बाळंत झाली.

तुम्हाला वाटेल, बाजीरावांनी द्वारकाचे आभार मानले असतील. तसं झालं नाही. जीव वाचला हे माणूस लवकर विसरतो, चारचौघांत अपमान झाला हे विसरत नाही. जीप दुरुस्त होऊन आली त्याच सकाळी त्यांनी द्वारकाला बोलावलं.

"तुझं निदान बरोबर निघालं, मान्य. पण तू माझं ऐकलं नाहीस. चावी ठेव."

"ठेवते," द्वारका म्हणाली. "पण चेअरमनसाहेब, माझं निदान चुकीचं निघालं असतं तरी मी थांबलेच असते. आणि पुन्हा थरथर झाली तर पुन्हा थांबेन."

तिने चावी ओट्यावर ठेवली आणि मागे वळून न पाहता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बाजीरावांनी शिवरामला बोलावलं. शिवरामने हात मागे घेतले. "मला गाडी चालवता येते, चेअरमन. पण तुम्ही शेजारी बसून ओरडत असताना ती थांबवता येईल का, हे मला माहीत नाही. मला नको." मग बाजीरावांनी बाहेरगावचा एक ड्रायव्हर आणला. साडेआठला जीप चावडीसमोर उभी राहिली. माणसं तिथेच उभी होती, पण कुणी चढलं नाही. कोंडाबाई पाराच्या कट्ट्यावरून म्हणाली, "आम्ही फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटी धरू. वेळ लागला तर लागू दे." आणि गाव खरंच चालत निघालं. पाच दिवस जीप रिकामी उभी राहिली.

सहाव्या दिवशी बाजीराव स्वतः द्वारकाच्या दारात आले. चावी पुढे करून म्हणाले, "उद्यापासून ये."

द्वारका भाकरी थापत होती. ती उठली नाही.

"येईन. पण एक ठरवून घेऊ. गाडी कधी सुटायची ते तुम्ही सांगा. वाटेत कधी थांबायची ते मी ठरवणार. तेव्हा मला कारण विचारायचं नाही, आवाज चढवायचा नाही."

बाजीराव उंबऱ्यात उभे होते. आत या, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तव्यावरची भाकरी फुगली, द्वारकाने ती उलटली.

"बरं," ते म्हणाले.

"मोठ्याने म्हणा. शेजारी ऐकू गेलं पाहिजे."

"बरं!" बाजीराव म्हणाले, आणि त्यांनी चावी उंबऱ्यावर ठेवली.

तात्पर्य: धोका आपल्याला जाणवला असेल, तर पुरावा हाती नसला तरी आणि कुणी कितीही ओरडलं तरी थांबून राहण्याची हिंमत ठेवावी, कारण ज्यांचे जीव आपल्या हाती असतात, त्यांचं देणं मालकाच्या हुकमापेक्षा मोठं असतं.