एकाच सतरंजीवरची शाळा

फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात शेवंताबाई नावाच्या शिक्षिका होत्या. एके वर्षी दूरच्या कोरड्या मुलखातलं पाणी आटलं आणि तिथली पंधरा-वीस कुटुंबं या गावात राहायला आली. त्यांचं बोलणं गावाला कळेना, गावाचं त्यांना.

त्यांची मुलं शाळेत आली, तसे पाटील येऊन म्हणाले की, यांना मागच्या पडवीत वेगळं बसवा, आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल. बाई मनातून घाबरल्या. पाटलांशी वाकडं म्हणजे गाव सोडायची पाळी. तरी त्या म्हणाल्या, "वर्ग एकच राहील, पाटील. पटत नसेल तर दुसरी बाई बघा."

दुसरी बाई मिळणार कुठून? पाटील रागारागाने निघून गेले. बाईंनी प्रत्येक नव्या मुलाशेजारी गावातलं एक मूल बसवलं. धापू नावाच्या नव्या मुलीशेजारी आली खुद्द पाटलांची तानी. वर्षभरात दोघी एकमेकींच्या भाषेत भांडायलासुद्धा शिकल्या.

जोंधळा दाण्यांनी भरला होता. एका दुपारी पश्चिमेला तांबूस ढग उठला. वादळ येतंय असं समजून लोक घराकडे परतू लागले. धापूचा आजा मात्र बांधाबांधाने ओरडत धावत होता. म्हाताऱ्याला काय झालंय, कुणालाच कळेना.

इकडे वर्गात आजाचं ओरडणं ऐकून धापू ताडकन उठली. घाबरून ती आपल्याच भाषेत भडाभडा बोलत सुटली. बाईंना एक शब्द उमजेना, पण तानीचा चेहरा उतरला.

"बाई, ते आभाळ नाही, टोळ आहेत. खाली उतरले तर एक कणीस राहणार नाही. आवाज करायचा, धूर करायचा, म्हणतेय ती."

बाईंनी शाळेची घंटाच काढून घेतली आणि ती बडवत त्या शेताकडे धावल्या. मागोमाग सगळी शाळा! मुलांनी घराघरांतून माणसं बाहेर काढली. थाळ्या, डबे, ढोल, जे हाती लागेल ते वाजू लागलं. नव्या वस्तीतल्या बायकांनी ओला पालापाचोळा पेटवला, गावातल्या बायका भारेच्या भारे आणून देऊ लागल्या. डोक्यावर आभाळभर पंखांची सळसळ. बाईंचा घंटा बडवणारा हात थांबत नव्हता.

सूर्य कलला तेव्हा टोळधाड गावावरून पुढे, उजाड माळाकडे निघून गेली. कडेची चार शेतं फस्त झाली. बाकी सगळं पीक उभं होतं!

दुसऱ्या दिवशी पाटील धापूच्या आजाचा हात धरून शाळेत आले. दोघेही मुलांच्या सतरंजीच्या टोकाला बसले.

"बाई, आम्हालाही इथे बसून एकमेकांचं बोलणं शिकू द्या," पाटील म्हणाले. "काल माझ्या पोरीला कळलं, ते मला कळलं नाही."

तात्पर्य: ज्या शाळेत नवी-जुनी मुलं शेजारी बसून शिकतात, तिथेच दोन वस्त्यांचं एक गाव होतं.