वैजयंताची पांढरी पूड

"सोनं तेच आहे, बाई. कणही तेवढेच बारीक. मग काम का करत नाही?"

निवृत्तीनंतरही विद्यापीठाने पेंढारकरबाईंना जुन्या प्रयोगशाळेचा एक कोपरा वापरू दिला होता. तिथे बसून त्या काचेची नळी पुसत होत्या.

समोर अच्युत फणसे उभा होता. एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी, आता मोठ्या संस्थेतल्या मोठ्या खुर्चीवरचा. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी कार्बन मोनॉक्साइडसारखा जीवघेणा वायू निरुपद्रवी करता येतो, तोही खोलीच्या साध्या तापमानाला, हे दाखवून त्याने नाव कमावलं होतं. त्या नावावरच बोगद्यात राबणाऱ्यांसाठी मास्क बनवायचं काम त्याला मिळालं. उद्या त्या मास्कची चाचणी होती, आणि आत भरलेली पूड ढिम्म बसून होती.

"सोनं कशावर बसवलंस?"

"सिलिकावर. मजबूत असते, कुठेही मिळते."

"आधी कशावर होतं?"

"टायटॅनियम ऑक्साइडवर. पण त्याने काय फरक पडतो? मी शोधनिबंधात लिहिलंच आहे, सगळी करामत कणाच्या आकाराची. खालची पूड म्हणजे नुसती बसायची जागा."

हे वाक्य त्याने देशोदेशीच्या सभांत म्हटलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. इतक्या टाळ्या पडल्यावर कोणालाही आपलं म्हणणं खरं वाटू लागतं. अच्युतला तर पहिल्याच टाळीला वाटलं होतं.

"बघू," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याची पूड नळीत भरली आणि एका टोकाने वायू सोडला. दुसऱ्या टोकाला मीटर होता. विष नाहीसं होऊ लागलं की त्यावरचा आकडा उतरायचा.

आकडा हलला नाही.

बाईंनी कपाटातून एक डबी काढली. "हे टायटॅनियम ऑक्साइड. वैजयंताने केलेलं. यात सोनं नाही."

अच्युतने नजर वळवली. विद्यार्थी असताना वैजयंता हत्तीअंबिरे त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. पूड तिने करायची, सोनं त्याने बसवायचं, अशी वाटणी होती. सोनं बसल्यावर धुवायचं कामही तिचंच, कारण सोन्याच्या क्षारातलं क्लोराइड मागे उरलं की पूड निकामी होते. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा, पाणी जरासुद्धा पांढुरकं झालं की पुन्हा धुवायचं. अच्युत तोवर चहा पिऊन यायचा.

बाईंनी ती पूड भरली. वायू सोडला.

आकडा याही वेळी हलला नाही.

"बघा!" अच्युत जवळजवळ ओरडलाच. "तिची पूडही काही करत नाही!"

"नाही करत."

"मग?"

बाई उठल्या. फ्रीजमधून एक बाटली आणली. तळाशी जांभळट चिमूटभर पूड होती.

"तुम्ही दोघांनी मिळून केलेली. एवढीच उरली आहे."

नळी भरली. वायू सुटला.

आकडा उतरू लागला... उतरत उतरत शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

अच्युतने मीटरवर टिचकी मारून पाहिली. त्याचा चेहरा उतरला होता, आणि खरं सांगायचं तर तो उतरलेला पाहून वाईट वाटत नव्हतं.

बाईंनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. तिच्यावर छोटासा अर्धगोल काढला. "ही पूड, हा सोन्याचा कण. विष कुठे संपतं?"

अच्युतने अर्धगोलाच्या माथ्यावर बोट ठेवलं.

बाईंनी त्याचं बोट धरलं आणि खाली ओढत नेलं, जिथे अर्धगोल रेघेला टेकला होता तिथे.

"इथे," त्या म्हणाल्या. "दोघं एकमेकांना शिवतात तिथे."

अच्युत खुर्चीत बसला.

"बाई, ती पूड मला द्या. निदान उद्यापुरती."

"चिमूटभर पुडीत मास्क भरत नाही."

"मग वैजयंताची ती डबी द्या. सोनं मी बसवतो."

"आणि धुणार कोण?"

अच्युतने डबीकडे पुढे केलेला हात मागे घेतला.

"कृती तर तुझ्याच निबंधात छापली आहे."

"त्या कृतीवरून जमत नाही, बाई. पुष्कळदा करून पाहिलं. म्हणून तर सिलिका घेतली."

"मग वैजयंताला विचार. परभणीला शाळेत शिकवते."

"ती बोलेल माझ्याशी?"

बाईंनी वैजयंताची डबी कपाटात ठेवली. "तुझा निबंध आला, त्यात लेखक म्हणून तिचं नाव नव्हतं. मलाही तो छापून आल्यावरच कळला. त्यानंतर ती रोज यायची, टेबल पुसायची आणि नुसती बसून राहायची. तिच्या हातात काही उरलंच नव्हतं. मग यायची बंद झाली. मला राग येतो, अच्युत. अजून येतो."

अच्युतने घसा साफ केला. पोराला अजूनही स्वतःची बाजू होती.

"मी तिला अगदीच विसरलो नव्हतो, बाई. निबंधाच्या शेवटी, बारीक अक्षरात का होईना, तिचे आभार मानले होते. नावानिशी."

बाईंनी वायूची तोटी बंद केली. हात पुसले. त्याच्याकडे पाहिलं...

"मग उद्या सोनं त्या आभारांवर बसव."