बुडाला भोक असलेला रांजण

मघाशी चहा नको, उपास आहे म्हणालात, तेव्हा आमच्या सूनबाईनं ‘धरलाय का पडलाय?’ असं तोंडावर विचारलं. राग मानू नका. प्रभूच्या दुःखसहनाच्या या चाळीस दिवसांत बोरतळ्यात हे सगळ्यांनाच विचारतात. त्याचं कारण चर्चच्या दाराशी आहे. तो रांजण बघा, बुडाला मूठ जाईल एवढं भोक आहे.

मोठ्या दुष्काळात, असं सांगतात, मंडळीचा कारभार शलोमोन पंच बघायचे. माणूस देवभीरू, पण शिस्तीचा भारी कडक. प्रत्येक घरानं उपास धरायचा आणि वाचलेलं मूठभर धान्य शुक्रवारी त्यांच्या झोळीत घालायचं, हा नेम त्यांचाच. धान्य या रांजणात साठायचं आणि पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरला, गोरगरिबांना वाटायचं. तोवर झाकणाला हात लावायचा नाही.

वेशीजवळ तबिथाबाई एकटीच राहायची. पंचांनी विचारलं, तर म्हणाली, “उपास आहे.” दुसऱ्या शुक्रवारी तेच, तिसऱ्याला तेच. मूठ मात्र चुकवली नाही. शलोमोनना एवढं कौतुक वाटलं, की भर उपासनेत त्यांनी तिला उभं केलं आणि म्हणाले, उपास शिकावा तर हिच्याकडून. सगळी मंडळी माना वळवून बघत राहिली. आता त्याच माणसांपुढं तिनं पदर कसा पसरावा?

सहाव्या शुक्रवारी तिनं मूठ सोडली, तर झोळीत पडला कोंडा. पंच भडकले. देवाला फसवतेस काय, म्हणत घरात शिरले, आणि तिथंच थबकले. जात्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. चुलीत राखसुद्धा नव्हती.

तबिथाबाई भिंतीला टेकून बसली. म्हणाली, “पंच, म्या कुठं धरलाय? पडलाय बाबा. महिना झाला.”

शलोमोन तसेच चर्चकडं वळले. धावत जाऊन त्यांनी नेम मोडला, रांजणातली ज्वारी काढली, स्वतःच्या हातानं पेज शिजवली. पण दोन घोटांवर तिच्या पोटात ठरेना. तीन दिवस ते उशाशी प्रार्थना करत बसले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मातीहून परतताना पंचांनी पहार घेतली आणि रांजणाचं बूड फोडलं. पाळकसाहेब रागावले, म्हणे, तर पंच एवढंच बोलले, “तिचीच मूठ यात होती, साहेब. झाकण मी घातलं होतं.” पुढं मरेपर्यंत त्यांनी कुणाच्या उपासाचं कौतुक केलं नाही.

आजही रांजणात घातलेलं धान्य खालच्या पाटीत पडतं आणि दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी चुलीशी पोचतं. आजही उपास आहे म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो, आणि खरं उत्तर मिळेपर्यंत त्याच्या दारातून हलत नाही.

तुम्ही अजून सांगितलं नाहीत. धरलाय का पडलाय?